नवसाचा उपास

वैजयंताच्या मनगटावरचं सरकारी कडं तिचं खाणंपिणं, उठणंबसणं नोंदवून पोटातल्या जिवाचा ठोका मोजत असे. मंगळवारी ते गप्प झालं आणि बुधवारी तिला गर्भरक्षा कचेरीचं बोलावणं आलं.

"एकादशीला दिवसभर पोटात अन्न नाही," पडद्यावरची नजर न काढता कचेरीतल्या बाईसाहेब म्हणाल्या. "वर संध्याकाळी दोन तास उभं राहणं. ठरवूनच पाडलंत ना, ताई?"

"कीर्तनात टाळ धरून उभी होते हो, मॅडम."

"आणि उपास? तो कुणी सांगितला होता?"

वैजयंताचा हात सवयीनं रिकाम्या पोटावर गेला. नऊ वर्षांनी देवानं ओटी भरली होती.

"नवसाचा होता," ती म्हणाली. "बाळ सुखरूप यावं म्हणून."

बाईसाहेबांनी मान डोलावली आणि कबुलीच्या रकान्यात लिहिलं, 'उपास जाणूनबुजून केला.'