कोणाची मावशी

कनेरगावच्या नाक्यावर निजामाच्या शिपायाने बैलगाडी अडवली आणि बाई कोणाची म्हणून विचारले. व्यंकट, नामाजी आणि हिरासिंग तिघेही एकदम म्हणाले, "माझी मावशी."

शिपायाने तिघांचे तोंडवळे आळीपाळीने न्याहाळले. एकाचाही बाईशी मेळ बसेना. पण ट्रंका उघडून पाहिल्या तर पुस्तकांखेरीज काही निघाले नाही, तेव्हा वैतागून त्याने गाडी सोडली. वऱ्हाड मागे पडले आणि निजामाची मोगलाई लागली.

खरे तर चांगुणाबाई तिघांपैकी कोणाच्याच मावशी नव्हत्या. हे तिघांना कळूनही आठच दिवस झाले होते.

तीन वर्षांपूर्वी हैदराबादच्या वसतिगृहात प्रार्थनेवर बंदी आली आणि पोरांनी ती मोडली. माफीनामा लिहून द्या, नाहीतर चालते व्हा, असा हुकूम निघाला. लिहून देणारे राहिले. बाकीच्यांनी शिक्षणासाठी नागपूर गाठले. तिथल्या विद्यापीठात त्यांची नोंद परराज्यातले म्हणून झाली आणि घरमालक निजामाची पोरे म्हणून खोली देईनात. शेवटी पंधरा जणांनी मिळून सीताबर्डीला दोन खोल्या मिळवल्या. जेवणाचे मात्र हाल होते. हिरासिंगने थापलेली भाकरी नामाजी एकदा उशाला घेऊन झोपला होता, यावरून काय ते समजावे. महिनाभरात चौघे जण शिक्षण सोडून घरी परतायच्या बेतात आले.

तेवढ्यात एका सकाळी चांगुणाबाई ज्वारीचे पोते घेऊन दारात उभ्या राहिल्या. चूल कुठे आहे एवढेच त्यांनी विचारले. जो तो समजला, दुसऱ्या कोणाची तरी मावशी आली. गरम भाकरी पुढ्यात असताना नात्याची चौकशी कोण करतो? पुढे दर सुगीला गावाकडून पोती येत राहिली. मुलगा पाठवतो, यापलीकडे त्या काही सांगत नसत.

त्या चुलीच्या जोरावर पंधराच्या पंधरा टिकले. आधी बी.ए.चे राहिलेले वर्ष पुरे केले, मग एम.ए. झाले. व्यंकट तर विद्यापीठात पहिला आला. ज्या घरमालकाने त्याला उंबऱ्यावरून परत पाठवले होते, तो स्वतः हार घेऊन आला. मोगलाईच्या पोरांनी मान ताठ करून तो हार घेतला, आणि का घेऊ नये?

निकालाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून चांगुणाबाईंना लुगडे आणले. ते नात्यातल्या माणसाने हाती द्यावे असे ठरले, आणि पंधराही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मग तुमी कोणाच्या, मावशी?" व्यंकटने विचारले.

"मला गावाला पोचवायला चला," त्या म्हणाल्या. "तिथं सांगते."

म्हणून ही गाडी आता गोरेगावच्या वाटेला लागली होती. चढ आला तेव्हा हिरासिंग आणि व्यंकट खाली उतरले. नामाजी मात्र उन्हाचे निमित्त सांगून बसून राहिला.

"मुंजाजी झाला याचा," हिरासिंग म्हणाला आणि सगळे हसले.

हैदराबादला माफीनाम्यावर पहिली सही ठोकणाऱ्या पोराचे ते नाव. नागपुरात थंड पाण्याला भिणारा, पेपर अर्धा टाकून उठणारा, जो कोणी कच खाई तो मुंजाजी. चांगुणाबाई तीन वर्षे वाढता वाढता हे ऐकत आल्या होत्या. आताही त्या बैलांकडे बघत राहिल्या.

चढ संपल्यावर गोष्ट शाळेवर आली. तिघांनी हिंगोलीला शाळा काढायचे नक्की केले होते. मराठी शाळा, आपल्या मुलखातली. ते बोलताना व्यंकटचा आवाज चढला, आणि त्याला ते शोभलेही. मग त्याने चांगुणाबाईंना विचारले, मुलगा किती शिकला आहे.

"मास्तर व्हायजोगा हाय," त्या म्हणाल्या. "पन शिक्षण मधीच सोडलं, नोकरीबी धरली न्हाई. मी निघाल्यापास्नं वावर बघून राहिला."

"शिकून वावर काहून बघतो?"

"ते त्यालाच इचारा."

व्यंकटने दोघा मित्रांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली.

"मावशी, त्याची ज्वारी खाऊन आमी एम.ए. झालो. आमच्या शाळेचा पहिला मास्तर तोच. हा तिघांचा शब्द हाय."

चांगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिले नव्हते. तिघांना फार बरे वाटले, आपल्या हातून काहीतरी फिटले असे वाटले.

गोरेगावात बातमी आधीच पोचली होती. चावडीपाशी माणसे जमली होती. "आमच्या चांगुणाबाईनं जेवू घातलेले एम.ए. हायेत हे," असे एक म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. बायकांनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिघांची छाती अंगरख्यात मावेना. चांगुणाबाई ताठ मानेने पुढे चालल्या आणि घरापाशी येऊन थांबल्या.

आतून एक तरुण पाण्याचा तांब्या घेऊन आला. मान खाली घालून तो पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला वाकला. नामाजीने त्याचा चेहरा पाहिला आणि पाय मागे घेतला. हिरासिंगने दुसरीकडे तोंड फिरवले. व्यंकट नुसता उभा राहिला.

"ह्यो मुंजाजी. माझं लेकरू," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमचा शब्द मी वापस करते. पन जेवून जा."