गाठ परत येईपर्यंत

हाडाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू करताना यश कशात मोजायचं, यावर बैठकीत बराच खल झाला. पेशंट किती वर्षं जगतात ते मोजायचं, तर फार थांबावं लागणार होतं. "गाठ परत येईपर्यंतचा काळ मोजू. पुढचं बघत बसलो तर आपणच म्हातारे होऊ," असं मुख्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळे हसले आणि तेच ठरलं.

चार वर्षांनी निकाल छापून आला, बाईंचं कौतुक झालं. त्याच आठवड्यात लिफ्टसमोर त्यांना कुबड्या घेतलेली एक मुलगी आणि तिची आई भेटली. दीड वर्षापूर्वी मुलीची गाठ परत आली, त्याच दिवशी चाचणीतली तिची नोंद संपली होती आणि पुढचे उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. ही अजून आहे, याचं बाईंना नवल वाटलं आणि त्या नवलाचीच लाज वाटली.

आईने त्यांना जरा बाजूला घेतलं.

"डॉक्टर, आधी दर महिन्याला तुमच्याकडून चौकशीचा फोन यायचा. गाठ परत आली आणि फोन बंद झाला. आमचं काही चुकलं का?"