उजेडाचे बूट

"वर्गात मूल आणलेलं चालत नाही, मारिसोल. तुला ठाऊक आहे."

व्हिटलॉक मॅडम दारातच उभ्या होत्या. मारिसोलच्या एका खांद्याला दप्तर, कडेवर तिचा चार वर्षांचा मुलगा तादेओ. त्याच्या पायांत नवे बूट. पाय हलला की टाचेतले तांबडे दिवे लुकलुकत.

"बालवाडीतला नळ फुटलाय, आज बंद आहे, मॅडम. घरातून निघताना फोन आला. माझी आई कामावर, शेजारीण कामावर. कुणाकडे ठेवू?"

"मग परीक्षा पुढच्या वेळी दे."

"पुढची वेळ म्हणजे पुढचं वर्ष. नर्सिंगच्या जागा या परीक्षेवर भरतात. तुम्हीच सांगितलंत."

"बसू द्या की त्याला, मॅडम," आतून लामार ओरडला. लामार अंगानं कपाटाएवढा. "माझ्यापेक्षा शहाणा दिसतोय."

"त्यात त्याचं काय मोठंसं कौतुक?" कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आवाज उतरवला. "या आठवड्यात दडून बसायचा सराव आहे. आता होईल, उद्या होईल, मलाही सांगत नाहीत. आणि एखाद्या दिवशी खरंच कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं, आणि हा रडला, तर? आतल्या सगळ्यांचा जीव माझ्या भरवशावर असतो गं. म्हणून तो नियम आहे. तुझ्यावर राग नाही."

"तो रडणार नाही."

मारिसोल जागची हलली नाही. तिनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. परीक्षा हाडांची होती, आणि शरीरातल्या एकेका हाडाचं नाव तिच्या जिभेवर होतं. रोज संध्याकाळी तादेओला न्हाऊ घालताना, त्याच्याच हातापायांवर बोट ठेवून तिनं ती नावं पाठ केली होती.

"मी पास व्हायला आलेय, मॅडम. परत जायला नाही."

मॅडम काही बोलणार, तोच छतातला भोंगा वाजला. "सराव. दारं लावा. दिवे मालवा. दडून बसा."

मॅडमनी दोघांना आत ओढलं आणि कुलूप फिरवलं. दिवे गेले, पडदे खाली आले. सगळे दारापासून लांबच्या भिंतीशी दाटीवाटीनं बसले. ढकलाढकली, खुसखुस. दोघातिघांचे फोन उजळलेलेच.

"मॅडम, अंकल बर्टला दडवायचं राहिलं," लामार कुजबुजला. अंकल बर्ट म्हणजे कोपऱ्यातला सांगाडा.

"त्याचं काय व्हायचं ते होऊन गेलंय," पलीकडून कुणी म्हणालं. पुन्हा खुसखुस.

तादेओ आईच्या कडेवरून घसरून खाली उतरला. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तो पाठ भिंतीला टेकून बसला. मग बुटाचा चिकटणारा पट्टा त्याच्या चिमटीत आला. चर्र व्हायला नको म्हणून त्यानं तो हळू, अगदी हळू सोडवला. एक बूट निघाला. दुसरा निघाला. दोन्ही बूट त्यानं अंगाखाली घेतले आणि त्यांच्यावर बसला.

"बूट का काढलेस रे, पठ्ठ्या?" लामारनं विचारलं.

तादेओनं आधी लामारच्या हातातला फोन तळव्यानं जमिनीवर पालथा दाबला. मग नुसत्या श्वासात म्हणाला,

"उजेड दिसला की तो आत येतो."

लामारचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. एकेक करून बाकीचे फोनही विझले.

दाराची मूठ खडखडली. कुलूप लागलंय का हे पाहत रखवालदार फिरतोय, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणी हललं नाही. घाबरू नको, असं मारिसोल पोराच्या कानात सांगणार होती. त्याआधीच त्याचा इवला तळवा तिच्या तोंडावर आला. तळव्याला संत्र्याचा वास होता.

रोज बालवाडीतून आणायला गेलं की हे बूट त्याच्या पिशवीत सापडत आणि पायांत नुसते मोजे. नवे आहेत म्हणून जपतोय, असं तिला आजवर वाटत होतं. तिथेही असाच भोंगा वाजत असणार.

"सराव संपला," भोंगा म्हणाला.

मॅडमनी अर्धेच दिवे लावले. पोरं उठली, गुडघे झटकले. तादेओ तसाच बुटांवर बसून आईकडे पाहत होता.

मॅडम त्याच्यासमोर येऊन जमिनीवर बसल्या. हात पुढे केला, तेव्हा त्यानं एक बूट काढून दिला. त्यांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, टाच चिमटीत धरली आणि मान वर न करता म्हणाल्या,

"मारिसोल, हे?"

क्षणभर तिला समजलं नाही. मग समजलं.

"कॅल्केनियस."

बोट वर सरकलं. "हे?"

"टॅलस. पुढे नॅव्हिक्युलर. त्याच्यापुढे तीन क्युनिफॉर्म, बाहेरच्या अंगाला क्युबॉइड." ती कुठेच अडखळली नाही. "आणि तिथे त्याला गुदगुल्या होतात, मॅडम."

"गुदगुल्यांना मार्क नाहीत." मॅडमनी बूट चढवला, पट्टा लावला. दुसराही चढवला. "बाकीची हाडं टेबलावर मांडलीत. जा, बस. हा माझ्या खुर्चीत बसेल."

त्यांनी तादेओला उभं केलं. तो चवड्यांवरच उभा राहिला, दोन्ही टाचा उचललेल्या.

"आता उजेड चालेल?"

मॅडमनी त्याच्या बुटाचा पट्टा पुन्हा चापून बसवला. "चालेल, बाळा."

त्यानं एक टाच अलगद टेकवली आणि दाराकडे पाहिलं. मग दुसरी दाणकन आपटली. कोपऱ्यात अंकल बर्टच्या पांढऱ्या पावलांवर तांबडा उजेड लुकलुकला.