सर उभे असताना

अंतिम युक्तिवाद करता करता सर चुकीच्या बाजूने बोलू लागले.

"या ट्रकचालकाने ब्रेक वेळेवर दाबला असता," ते न्यायाधीशांना सांगत होते, "तर तो सायकलवाला आज घरी असता." आवाज तोच, खणखणीत. फक्त ट्रकचालक त्यांचाच अशील होता.

पिंजऱ्यातल्या ट्रकचालकाने मान वर केली. मागच्या बाकावरून त्याच्या बायकोने सरांच्या ज्युनियर वकीलबाईच्या खांद्याला हात लावला. "ताई, साहेब हे काय बोलतायत?"

सर एके काळी सरकारी वकील होते. हल्ली मधेच त्यांना तेच दिवस चालू आहेत असं वाटायचं. ऑफिसात ज्युनियरने ते सावरून घेतलं होतं, कोणाला कळू दिलं नव्हतं. कोर्टात हे पहिल्यांदाच.

सर उभे असताना ज्युनियरने उठायचं नाही, ही त्यांच्या हाताखालची शिस्त. नवरा गेल्यावर तान्ह्या मुलीला घेऊन ती काम मागत फिरली, तेव्हा सगळ्यांनी 'बघू' म्हणून वाटेला लावलं होतं. सरांनी पुस्तकांच्या खोलीत पाळणा लावून दिला. मुलगी रडली की पक्षकाराला म्हणायचे, "थांबा, आमच्या मोठ्या वकीलबाईंचं काहीतरी म्हणणं आहे."

सरकारी वकिलाने पेन खाली ठेवलं. त्याला हसू आवरत नव्हतं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

ज्युनियरने बसून राहावं, तर ट्रकचालक आत जातो. उठावं, तर सर संपतात. भर कोर्टात, तिच्या हातून.

तिने त्यांच्या कोटाची बाही ओढली. ते थांबले नाहीत. मग ती उठली.

"असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे," ती म्हणाली. "आता त्यावर आमचं उत्तर."

सर वळले. क्षणभर त्यांच्या नजरेत ओळख नव्हती. मग ती आली, आणि आली नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. ते खाली बसले. ब्रेक आधीच निकामी होता, चालकाने मालकाला तसं बजावलं होतं, हे सगळं सरांनीच तिच्याकडून घोटून घेतलेलं. तिने ते मांडलं. निकाल पुढच्या तारखेवर गेला.

बाहेर आल्यावर ट्रकचालकाची बायको सरांच्या पाया पडली. "आधी त्यांची बाजू सांगून मग खोडलीत, साहेब. मला उगाच धडकी भरली."

ती गेल्यावर सर बाकावर टेकले.

"कधीपासून चाललंय हे?"

"फार दिवस नाही, सर."

"खोटं बोलायला मी शिकवलं नाही तुला."

तिने खाली पाहिलं. "सर, आता तुम्ही थोडी विश्रांती..."

"मी ऐकणार नाही. आत्ता कळतंय म्हणून सांगून ठेवतो. मी पुन्हा उभा राहीन. तू अडवलंस, तर चारचौघांत तुझा पाणउतारा करीन. तरी मला अडव."

तिने मान डोलावली.

आतून पुढच्या केसचा पुकारा झाला. ती केस त्यांची नव्हती. सर उठले, कोटाची बटणं लावत निघाले. ती लगबगीने पुढे जाऊन दारात उभी राहिली.

"बाजूला हो," सर म्हणाले.