फोन ठेवल्यावर

गोळी तळहातावर होती, कानाशी फोन. "आज घेऊ नका, काकू," शैलाताई म्हणाल्या. "डॉक्टरांनी ती बंद केलीय."

जिल्ह्याच्या दवाखान्यातून रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. त्या बोलत राहतात आणि मी गोळी गिळते. माझ्या डोक्यातले आवाज त्या गोळीवर चिडतात, पण आजवर ते परक्या पुरुषांचे होते. शैलाताईंचा आवाज त्यांना कधी काढता आला नव्हता.

घामाने गोळीचा रंग तळव्याला लागला. खरं कोण बोलतंय? मग त्यांनीच एकदा सांगितलेलं आठवलं: "शंका आली की सरळ फोन बंद करा, काकू. मी असेन तर गप्प होईन."

मी फोन बंद केला.

"बंद कशाला केलात?" शैलाताई म्हणाल्या. "मी इथेच आहे."

मी गोळी जिभेवर ठेवली. तांब्या तोंडाला लावला. अर्धं पाणी पदरावर सांडलं, पण गोळी उतरली. आवाज ओरडत राहिला, शैलाताईंच्याच मायेनं.

बऱ्याच वेळानं धीर करून फोन चालू केला, तर लगेच वाजला.

"काकू, केव्हाची लावतेय! फोन बंद का होता? गोळी घेतलीत ना?"

"घेतली." मी म्हटलं. "ताई, आता तुम्ही फोन ठेवा."

"अहो, पण झालंय काय?"

"ठेवा ना. तुम्ही गप्प होताय का, ते ऐकायचंय मला."