टक

"फुटली," गोविंदाभाऊ मागून बोलला.

फुटली-गिटली काई नव्हती. नेमाची मातीची चकती अख्खीच्या अख्खी तलावात जाऊन पडली, डुबुक. फुटन कशी? अंजुमच्या बंदुकीत काडतूसच नव्हतं!

"पुल!" अंजुम पुन्हा ओरडली. ताराबाईनं मशीनची दोरी ओढली, चकती सुटली, बंदूक तिच्यामागं फिरली. टक.

"गेली. उशीर केला, पोरी."

दोन महिने हेच चालू होतं. चाळीसचं काडतूस पंचाहत्तरवर गेलं अन् क्लबातले अर्धे नेमबाज घरी बसले. अंजुमचे अब्बा, मुश्ताकभाई, चंद्रपुरात वेल्डिंग करतेत. त्यायनं कसेबसे दोन डबे आणले. पन्नास काडतुसं, अन् जुनी तीन सुटी. बस. निवड चाचणी बी पन्नास चकत्यांची. बेचाळीस फोडल्या का टीममध्ये नाव, मंग पुढची काडतुसं टीमची. एक जरी कमी पडली तर क्लबची बंदूक वापस अन् खेळ खतम.

म्हणून सराव खाली बंदुकीनं. पन् खाली बंदुकीनं नेम लागला का नाई, हे सांगन कोन?

क्लबची रेंज तलावाच्या पाळीवर. तिथी ताराबाई मशीन ओढे, घुटनाभर पाण्यातून चकत्या वेचून आणे. तिचा नवरा गोविंदाभाऊ, जन्माचा मासे धरनारा. मुश्ताकभाईनं तिलेच इचारलं होतं, "बाई, भाऊले जमन का?"

"काऊन नाई जमन?" ताराबाई म्हणे. "मासा उडाला का हे पाळीवर बसून सांगतेत, कोनता हाय अन् केवढा हाय. याहीची टक चुकत नाई."

ठरलं मंग.

गोविंदाभाऊ अंजुम यायच्या आधीच दगडावर येऊन बसून राहे. दुपट्टा डोक्यावरून कपाळाच्या खाली ओढलेला, मांडीवर जाळं. जाळ्याचे शिशाचे मणी बोटानं चाचपत राहे. अंजुमचं तोंड तलावाकडं, हा तिच्या पाठीमागं. बोलनं दोनच शब्दांचं, फुटली नाई तर गेली. लयच खुश असला तर म्हणे, "मासा हाय तिथी जाळं टाकाचं नाई, पोरी. जिथी जाऊन राह्यला तिथी टाकाचं."

चाचणीले आठ दिवस राह्यले अन् मुश्ताकभाईचा धीर सुटला. दुकान बंद करून सीधे पाळीवर.

"रोज फुटली, रोज फुटली! रोजी भेटते, मंग फुटली म्हणाले काय जाते?" त्यायनं खिशातून ती तीन सुटी काडतुसं काढली. "घे, अंजुम. आज खरं-खोटं होऊनच जाऊ दे."

"अब्बा, वाया जातीन ना."

"जाऊ दे!"

पहिली. धाड!

"फुटली." हवेत काळा भुगा. खरंच फुटली होती.

दुसरी. धाड!

"गेली." गेलीच.

तिसरी. धाड!

"फुटली," गोविंदाभाऊ म्हणाला. अन् चकती मस्त मजेत उडत गेली ना! दूर पान्यात डुबुक झालं, तवा कुठी गोविंदाभाऊचा चेहरा उतरला.

"पाहा!" मुश्ताकभाई असे भडकले. "अख्खी पडली अन् हे म्हणते फुटली! डोळे फुटले काय भाऊ तुमचे?"

ताराबाईच्या हातातली दोरी हातातच राह्यली.

"वेळेवर होतं," गोविंदाभाऊ हळूच बोलला. "वारा असन."

"अब्बा, वेळ बरोबरच होता," अंजुम मधात पडली. "माह्यी नळी वर गेली. चूक माह्यी हाय."

"उद्यापासून यायले बोलवू नको."

"हे नाई तर मी बी नाई." अंजुमनं बंदूक मधातून उघडून खांद्यावर टाकली. "मंग विका तुमची पन्नास काडतुसं."

मुश्ताकभाई तडातडा पाळीवरून उतरले. गाडीले किक मारली अन् गेले.

चाचणी त्याच रेंजवर होती. पहिल्या डब्यात अंजुमच्या वीस फुटल्या. म्हणजे दुसऱ्यात बावीस पाहिजे, चुकाले तीनच! सातवी गेली. बारावी गेली. अठरावी गेली. आता एक बी चुकाची नव्हती. एकोणीस, वीस, एकवीस... चोवीसपर्यंत पोरीनं सगळ्या फोडल्या. एक्केचाळीस झाल्या. काडतूस एक, चकती एक.

मुश्ताकभाईच्यानं पाहवलं नाई, त्यायनं तोंड मागं फिरवलं. मागं गोविंदाभाऊ. तो बी खालीच मान घालून बसला होता, बोटं एका मण्यावर थांबलेली.

"पुल!"

धाड!

"फुटली," गोविंदाभाऊ पुटपुटला. मान काई वर केली नाई.

मुश्ताकभाई गर्रकन फिरले. आभाळात काळा भुगा पसरून राह्यला होता. बेचाळीस!

मंग काय, ओरडा, शिट्ट्या! अंजुम रडत रडत ताराबाईच्या गळ्यात पडली. मुश्ताकभाईनं डोळे पुसले अन् लोकायच्या मधातून सीधे त्या दगडापाशी गेले. गोविंदाभाऊ उठून उभा राह्यला.

"भाऊ, त्या दिवशी मी तुमच्या डोळ्यावरून बोललो. गलती झाली माह्यी," मुश्ताकभाई म्हणाले, अन् त्यायनं हात पुढं केला.

गोविंदाभाऊ हसला. पन् हात काई दिला नाई.

मुश्ताकभाईचा हात तसाच हवेत. लोकं पाहून राह्यले. "राग हाय का अजून, भाऊ?"

ताराबाईनं पुढं होऊन नवऱ्याचं मनगट धरलं.

"अवो, मुश्ताकभाईनं हात पुढं केला हाय," ती त्याच्या कानापाशी म्हणाली. "जरासा डावीकडं."