अण्णांच्या पायाचं माप

आरोहीला शुगर निघाली त्या वर्षी अण्णांनी येडेश्वरी आईला नवस बोलला, "पोरगी बरी होईस्तोवर पायात चप्पल घालणार न्हाय." त्याला झाली पाच वर्षं. डॉक्टर तर म्हणाले होते, सुई जन्माची. म्हणजे अण्णांचे अनवाणी पायही जन्माचेच, आणि आरोहीला सुईपेक्षा तेच जास्त टोचायचं.

यंदा चैत्राच्या यात्रेला बापलेक येरमाळ्याला आले. चुन्याच्या रानात रिवाजाप्रमाणे देवीसाठी चुनखडीचे खडे वेचताना अण्णा तापल्या तव्यावर उभं राहिल्यासारखे पाय उचलत होते.

"भाजतंय का, अण्णा?"

"छ्या! आईच्या किरपेनं गार लागतंय."

डोंगराच्या पायथ्याशी आरोहीनं पोटाला सुई टोचून घेतली, चटणी-भाकरी खाल्ली आणि धावत पायऱ्या चढून गेली. अण्णा बऱ्याच वेळानं धापा टाकत वर पोचले.

दर्शन झाल्यावर देवळाबाहेर तिनं विचारलं, "अण्णा, आपल्या दोघांत आजारी कोण?"

"तू."

"मग मघाशी दम कुणाला लागला?"

तिनं पिशवीतला इन्सुलिनचा डबा बाजूला सारत कोऱ्या चपलांचा जोड काढला.

"शुगर जाणार न्हाय, अण्णा. पण बरी तर मी कवाच झाले."

अण्णांनी कळसाकडं पाहिलं. "आईला इचारलंस का?"

"व्हय तर! पाच वर्षं घरात तुमची चप्पल न्हाय. मग माप मला कुणी सांगितलं असंल?"

अण्णांनी मुकाट्यानं पाय पुढं केला. चप्पल बोटभर मोठी झाली.

"आईचा अंदाज जरा चुकलाय," अण्णा म्हणाले आणि तीच घालून डोंगर उतरू लागले.